टाकणखाराचे चिलखत

रायफलची गोळी अडवणारे सिरॅमिक काचेसारखे ठिसूळ असते. हातातून फरशीवर पडले तर त्याला भेग जाऊ शकते, वाकवू गेले तर ते तुटते, आणि गोळी लागली त्या जागी तर त्याचा भुगा होतो. तरीही सेकंदाला ७०० ते ८५० मीटर वेगाने आलेली गोळी त्याच्या मागच्या माणसापर्यंत पोचत नाही. ठिसूळ वस्तू चिलखताचे काम करू शकते हे गेल्या शंभर वर्षांत टप्प्याटप्प्याने कळत गेले. कळल्यानंतरही ती भारतातल्या शिपायाच्या छातीवर पोचायला बराच काळ गेला.

यातला निम्मा भाग जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या पाथरवटांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. घोड नदीकाठच्या कळंबपासून उत्तरेला जुन्नरपर्यंत सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा आहे. तुळजा, मानमोडी, लेण्याद्री, शिवनेरी या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी लेणी कोरली गेली ती याच दगडात, आणि गावोगावची जाती, पाटे, उखळे घडली तीही यातूनच. या दगडावर काम करणाऱ्याला टाकी पुन्हापुन्हा लोहाराकडे न्यावी लागे. भात्यावर तापवून, टोक ठोकून, पाणी देऊन ती परत आणायची आणि थोड्या वेळाने पुन्हा बोथट करून घ्यायची. दगड टाकीखाली फुटतो, पण फुटताना टाकीचे टोकही खातो. सिरॅमिक चिलखताच्या विज्ञानाचा गाभा हाच आहे. तिथे फक्त टाकीच्या जागी गोळी येते आणि सगळा व्यवहार सेकंदाच्या काही लक्षांश भागात उरकतो.

शिवकाळातले चिलखत दुसऱ्या तत्त्वावर उभे होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता. लोखंडी कड्यांची जाळी कट्यारीचे पाते अडवते, कारण पाते हाताच्या जोराने येते आणि तो जोर अनेक कड्यांत वाटला जातो. तोड्याच्या बंदुकीतून सुटलेल्या शिशाच्या गोळीपुढे मात्र जाळी टिकत नाही, आणि गोळी अडवेल इतका जाड पत्रा अंगावर घेऊन गडाची चढण चढता येत नाही. बंदुका सुधारत गेल्या तसे अंगावरचे चिलखत जगभर मागे पडले, ते वजनापायी. पुढचा सगळा इतिहासही वजनाचाच आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मेजर नेव्हिल मन्रो हॉपकिन्स यांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. पोलादी पत्र्याच्या दर्शनी बाजूला एनॅमलचा दीड-दोन मिलिमीटरचा थर दिला की तोच पत्रा गोळीला पूर्वीइतकी दाद देत नाही. एनॅमल म्हणजे काचेचाच लेप. घरातल्या जुन्या एनॅमलच्या थाळीचा टवका उडालेला ज्याने पाहिला आहे त्याला हा थर किती तकलादू असतो हे सांगायला नको. इतक्या तकलादू थराने पोलादाला बळ द्यावे याचे स्पष्टीकरण त्या काळी कोणाजवळ नव्हते. युद्ध संपले आणि हे निरीक्षण चार दशके तसेच पडून राहिले.

ते पुन्हा वर आले व्हिएतनामच्या युद्धात. अमेरिकी हेलिकॉप्टरे झाडांच्या शेंड्यांवरून उडत आणि खालून साध्या रायफलींचा मारा होई. वैमानिकाभोवती पोलाद लावावे तर हेलिकॉप्टरला उचलता येणारे वजन त्यातच संपे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गुडइयर कंपनीच्या विमानविभागाने सिरॅमिकचा दर्शनी थर आणि मागे काचतंतूंचे अस्तर अशी जोडपट्टी तयार केली. १९६५ मध्ये ह्युई हेलिकॉप्टरांच्या आसनांना बोरॉन कार्बाइडचे असे कवच बसवण्यात आले आणि पुढच्या वर्षी वैमानिकांच्या छातीवर बांधायच्या पट्ट्या आल्या. वैमानिक त्यांना ‘चिकन प्लेट’ म्हणत. अंगावर घालायचे रायफलरोधक चिलखत हे या पट्ट्यांमुळे प्रथमच व्यवहारात आले.

पट्टी गोळी अडवते हे दिसत होते, पण ती नेमकी कशी अडवते हे सांगायला डोळा अपुरा होता. त्याचा छडा कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत मार्क विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लावला. अण्वस्त्रांच्या स्फोटातले दाब मोजण्यासाठी घडवलेली संगणकी गणिते आणि लक्षांश सेकंदाचा क्षण टिपणारे क्ष-किरण छायाचित्रण त्यांनी या प्रश्नाला लावले. त्यातून जे चित्र उभे राहिले ते आजही पायाभूत मानले जाते.

आठ मिलिमीटर जाडीची सिरॅमिकची पट्टी आणि सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी घेतली, तर काही आड न आल्यास तेवढे अंतर कापायला गोळीला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका वेळ लागेल. गोळी टेकताक्षणी पट्टीत दाबाची लाट उठते. बोरॉन कार्बाइडमध्ये ही लाट सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे पोलादातल्या लाटेच्या दुपटीहून जास्त. गोळीचे टोक जेमतेम रुतायच्या आत लाट मागच्या पृष्ठभागावर जाऊन आदळते आणि परतताना दाबाऐवजी ताण घेऊन येते. इथे सिरॅमिकचा कच्चा दुवा उघडा पडतो. दाब ते पोलादापेक्षा कितीतरी जास्त सोसते, ताण मात्र त्याच्या लहानशा अंशाइतकाही सोसत नाही. मागून भेगा सुटतात, गोळीच्या टोकापासून तिरक्या पसरतात आणि पट्टीतून एक शंकू सुटा होतो, टोक गोळीकडे आणि रुंद तळ मागच्या अस्तराकडे. खिडकीच्या काचेला छर्ऱ्याच्या बंदुकीचा छर्रा लागला की समोर बारीक भोक पडते आणि मागच्या बाजूने पसरट टवका निघतो, तोच हा आकार.

चिलखत कामाला येते ते या शंकूमुळे. गोळीचा जोर एका टोकावर एकवटलेला असतो, शंकू तो कितीतरी मोठ्या वर्तुळावर पसरून अस्तराला देतो. त्याच अवधीत गोळीचे स्वतःचे हाल चाललेले असतात. तिच्या पोलादी गाभ्याहून सिरॅमिक कठीण आहे, त्यामुळे टोक आत शिरण्याऐवजी चेपते, फुटते, बाजूला पसरते. विल्किन्स यांच्या प्रयोगांत पहिल्या दहाएक मायक्रोसेकंदांतच टोकाचा नाश झालेला दिसला. त्यानंतर उरलेली बोथट, तुकडे झालेली गोळी सिरॅमिकच्या भुग्यातून पुढे सरकते. भुगाही कठीणच असतो आणि आजूबाजूच्या अखंड भागाने दाबून धरलेला असतो, म्हणून तो तिला कानशीसारखा घासत राहतो. शेवटी जे अस्तरापर्यंत पोचते ते तंतूंच्या थरांना ताणत, फुगवत थांबते. १९९० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत हाउव्हर यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट दाखवली. सिरॅमिक चहूबाजूंनी घट्ट आवळून धरले तर लांब धातूची सळईसुद्धा आत न शिरता पृष्ठभागावरच थबकते आणि पाण्याची धार भिंतीवर आपटून पसरावी तशी बाजूला वाहून जाते.

यावरून अस्तराचे महत्त्व लक्षात येते. सिरॅमिक टिकावे म्हणून त्याची पाठ घट्ट धरली पाहिजे, कारण अस्तर लवकर झुकले की पट्टी वाकून वेळेआधीच तुटते. फुटलेले सगळे झेलण्यासाठी मात्र तेच अस्तर नंतर ताणलेही गेले पाहिजे. व्हिएतनामच्या काळी ते काचतंतूंचे होते. पुढे ॲरामिड धागा आला आणि आता बहुतेक पट्ट्यांना दाबून घट्ट केलेल्या उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनचे अस्तर असते. नुसते ॲरामिडचे मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवते. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीत साधारण ५०० ज्यूल ऊर्जा असते, एके-४७ च्या गोळीत २,००० च्या घरात, आणि शिवाय ती टोकदार व पोलादी गाभ्याची. तिच्यापुढे नुसता धागा कापला जातो.

यासाठी वापरले जाणारे सिरॅमिक मुख्यतः तीन जातींचे आहे आणि त्यांतल्या दोघांची मराठी घराशी जुनी ओळख आहे. ॲल्युमिना म्हणजे कुरुंदाचाच शुद्ध अवतार. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात हाच असतो, आणि माणिक व नीलम ही त्याचीच रत्ने. तो स्वस्त आहे, भाजायला सोपा आहे, पण जड आहे. सिलिकॉन कार्बाइड मधले. बोरॉन कार्बाइड सर्वांत हलके आणि सर्वांत कठीण. हिरा आणि घन बोरॉन नायट्राइड वगळता त्याच्या तोडीचे कठीण पदार्थ फार थोडे आहेत. छातीवरच्या पट्टीचा आकार साधारण २५ बाय ३० सेंटिमीटर धरला तर जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे पोलाद सुमारे ५९० ग्रॅम भरते, ॲल्युमिना २९०, सिलिकॉन कार्बाइड २४० आणि बोरॉन कार्बाइड १९०. दिवसभर गस्त घालणाऱ्या माणसासाठी या आकड्यांतला फरक फार मोठा आहे.

बोरॉन कार्बाइडचे मूळ टाकणखारात आहे. सोनार डाग देताना सोन्यावर जो खार टाकतो तोच हा. लडाखच्या पुगा खोऱ्यात तो गरम झऱ्यांच्या कडेने जमिनीवर साचतो, आणि एके काळी तिबेट-लडाखकडून तो मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली येई. आज जगाचा मोठा साठा तुर्कस्तानात आहे आणि भारताला बोरॉनचा माल बव्हंशी बाहेरून आणावा लागतो. खारापासून बोरिक ॲसिड बनते, कॅरमबोर्डावर सोंगट्या सरकाव्यात म्हणून भुरभुरतात ती बोरिक पावडर. हीच पावडर कोळशाच्या भुकटीबरोबर विजेच्या भट्टीत २,००० अंश सेल्सियसच्या वर तापवली की बोरॉन आणि कार्बन एक होऊन काळी, चमकदार ढेकळे मिळतात. ती दळून बारीक भुकटी करायची, ग्रॅफाइटच्या साच्यात भरायची आणि पुन्हा २,००० अंशांच्या वर, प्रचंड दाबाखाली भाजायची. आत पोकळी राहिली तर पट्टी तिथेच फुटणार, म्हणून घनता शक्य तितकी पूर्ण गाठावी लागते. भाजून निघालेली पट्टी घासायला हिऱ्याचे हत्यार लागते, दुसरे काही तिच्यावर चालत नाही.

या पदार्थाशी महाराष्ट्राचा संबंध आधी जडला तो अणुऊर्जेमुळे. नैसर्गिक बोरॉनमधला सुमारे पाचवा हिस्सा असलेला बोरॉन-१० न्यूट्रॉन गिळतो. म्हणून १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या जातीच्या भट्ट्यांत साखळी-प्रक्रियेला लगाम घालणाऱ्या दांड्यांमध्ये बोरॉन कार्बाइड भरलेले असते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बोरॉन कार्बाइडची भुकटी करणे, ती दाबाखाली भाजणे, तिची घनता वाढवणे ही विद्या अणुभट्ट्यांच्या गरजेपोटी आली. त्याच विद्येतून पुढे या केंद्राने बोरॉन कार्बाइड आणि कार्बनच्या सूक्ष्मनलिका असलेल्या बहुवारिकाची (पॉलिमरची) जोड देऊन चिलखत घडवले. त्याला होमी भाभांचे नाव मिळाले, ‘भाभा कवच’. उत्पादनासाठी तंत्रज्ञान हैदराबादच्या मिश्र धातु निगमकडे देण्यात आले.

रणगाड्यांच्या बाबतीत हा रस्ता आधीच चोखाळला गेला होता. ब्रिटनमध्ये चॉबहम येथे १९६० च्या दशकात सुरू झालेल्या कामातून थरांचे चिलखत निघाले, आणि हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने कांचनबागेच्या नावावरून ‘कांचन’ चिलखत तयार केले, ते अर्जुन रणगाड्यावर बसले. रणगाडा वजन वाहू शकतो. माणसाचे चिलखत मात्र मागे राहिले, आणि किती मागे हे देशाला एका रात्रीत दिसले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहा हल्लेखोर एके जातीच्या रायफली घेऊन उतरले होते. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे छत्रपती शिवाजी टर्मिनसजवळ जॅकेट आणि शिरस्त्राण चढवत असल्याचे दृश्य घराघरांत दूरचित्रवाणीवर दिसले. थोड्याच वेळाने कामा रुग्णालयाशेजारच्या रंगभवन गल्लीत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर मारले गेले. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर लाठी घेऊन उभे होते. त्यांनी हल्लेखोरांपैकी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोबतच्यांना त्याला जिवंत पकडण्याची संधी दिली. त्या रात्रीनंतर पोलिसांच्या जॅकेटांची प्रत, त्यांची खरेदी आणि वजन यांवर महाराष्ट्रात मोठा वाद उठला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि राम प्रधान समितीने पोलिसांच्या एकूण तयारीची तपासणी केली.

या वादात पट्टीच्या प्रतीबद्दल पुष्कळ बोलले गेले, पट्टी शरीराचा किती भाग झाकते याबद्दल त्या मानाने कमी. पट्टी उत्तम असली तरी ती छातीपुरतीच असते. मान, खांदे, काख, मांड्या उघड्या राहतात. तेही झाकायचे तर पुन्हा वजन वाढते, वजन वाढले की शिपाई जॅकेट काढून गाडीत ठेवतो, आणि गाडीत ठेवलेले जॅकेट कोणाला वाचवत नाही. हलक्या सिरॅमिकसाठीचा सगळा आटापिटा याच कारणाने आहे आणि तो चैनीचा म्हणता येत नाही.

खरेदीची कहाणी मात्र दुःखदायक लांबली. लष्करासाठी १,८६,१३८ जॅकेटांच्या खरेदीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. निविदा, चाचण्या, नापास झालेले नमुने यांत वर्षे गेली. २०१६ मध्ये तात्पुरती गरज म्हणून ५०,००० जॅकेटांची खरेदी झाली, आणि मूळ मागणीचा ६३९ कोटी रुपयांचा करार एसएमपीपी या भारतीय कंपनीशी झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. या जॅकेटांच्या पट्ट्या बोरॉन कार्बाइडच्या ठरल्या. ज्या पदार्थाने १९६५ मध्ये हेलिकॉप्टरांच्या आसनांचे रक्षण केले तो भारतीय पायदळाच्या मोठ्या खरेदीत यायला अर्धे शतक उलटले. मधल्या काळातल्या प्रत्येक वर्षाची किंमत कोणीतरी मोजली आहे.

त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने जॅकेटांसाठी स्वतःचे मानक काढले, आयएस १७०५१. तोवर खरेदीदार बहुधा अमेरिकी मानकाचा आधार घेत. मानकात धोक्याच्या सहा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीवर ७.६२ बाय ५४ मिलिमीटरची चिलखतभेदी गोळी येते, जिचा गाभा एके-४७ च्या साध्या गोळीच्या गाभ्यासारखा मऊ पोलादाचा नसून कडक केलेला असतो. चाचणी पाहण्यासारखी असते. जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर घट्ट बांधतात. माती म्हणजे शिल्पकाराच्या मळलेल्या मातीसारखा तेलकट गोळा, ठरावीक तापमानाला ठेवलेला. गोळी झाडल्यावर जॅकेट सोडतात आणि मातीत उमटलेल्या खळग्याची खोली मोजतात. गोळी आरपार गेली नाही एवढे पुरत नाही, कारण अस्तर फुगून आत शिरले तर बरगड्या मोडतात आणि फुप्फुसाला इजा होते. अमेरिकी मानकात हा खळगा ४४ मिलिमीटरपर्यंत चालतो. मग त्याच पट्टीवर, आधीच्या भेगांच्या जवळच, पुढच्या गोळ्या झाडतात.

पट्टी एकसंध असावी की लहान तुकड्यांची, हा वाद या पुढच्या गोळ्यांपायीच आहे. एकसंध पट्टीत पहिल्या गोळीच्या भेगा दूरवर पसरतात. षटकोनी तुकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जुळवले तर भेग तुकड्याच्या कडेला थांबते, पण सांध्यावर नेमकी लागलेली गोळी तुलनेने सहज आत जाते. कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने २०२४ मध्ये सहाव्या पायरीसाठी जे जॅकेट जाहीर केले त्यात एकसंध सिरॅमिक आणि बहुवारिकाचे अस्तर आहे. पट्टीचे वजन दर चौरस मीटरला ४० किलोग्रॅमच्या आत आणि सहा गोळ्या सोसण्याची क्षमता, अशी त्याची नोंद आहे. छातीपुरत्या पट्टीला हे वजन तीन किलोच्या आसपास पडते. त्याच वर्षी डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीने मिळून ‘अभेद’ नावाची जॅकेटे पुढे आणली, तीही बहुवारिक आणि देशी बोरॉन कार्बाइडची.

बोरॉन कार्बाइडच्या पुढे अडचण उभी आहे ती त्याच्या स्वतःच्या स्वभावाची. सुमारे ८५०–९०० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या पुढे त्याची ताकद अपेक्षेपेक्षा एकदम ढासळते असे प्रयोगांत दिसत होते. कारण २००३ मध्ये सापडले. चेन, मॅकॉली आणि हेमकर यांनी गोळीने फुटलेल्या बोरॉन कार्बाइडचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत अवघ्या दोन-तीन नॅनोमीटर रुंदीचे पट्टे आढळले. त्या पट्ट्यांत अणूंची रेखीव मांडणी विस्कटून काचेसारखी झाली होती, आणि या वाटांनीच पदार्थ सरकून फुटत होता. तेव्हापासून बोरॉन कार्बाइडमध्ये थोडे सिलिकॉन मिसळून किंवा कण अधिक बारीक करून हे पट्टे रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत. अधिक वेगवान किंवा टंगस्टन कार्बाइडच्या गाभ्याच्या गोळ्यांसाठी म्हणूनच सिलिकॉन कार्बाइड वजन सोसूनही निवडले जाते.

वापरात आलेल्या पट्टीचे आयुष्य गोळीवाचूनही संपू शकते. गाडीतून फेकली गेली, बंकरच्या पायरीवर आपटली, तरी तिला आतून भेग जाते आणि वरच्या कापडाखाली ती दिसत नाही. म्हणून पट्ट्यांची क्ष-किरणांनी तपासणी करतात. पट्टी यंत्राखाली सपाट ठेवतात, पडद्यावर करड्या रंगाचा अखंड आयत दिसला तर ती परत शिपायाकडे जाते, आणि त्यात केसाएवढी काळी रेघ आढळली तर बाजूला काढतात.